सुटा चहा : ओळख, पारख आणि खरेदी



महिन्याच्या वाणसामानाची यादी करताना गव्हापुढे आपण 'शरबती' लिहितो, तांदळापुढे 'कोलम' किंवा 'आंबेमोहोर' लिहितो. चहापुढे मात्र फक्त 'अर्धा किलो' एवढेच लिहिलेले असते. दिवसातून तीन-चार वेळा घरात होणारी ही वस्तू, पण तिच्याबद्दल आपण दुकानदाराला एक प्रश्नही विचारत नाही. सुटा चहा, म्हणजे इंदूरच्या दुकानांत आपण ज्याला 'खुली पत्ती' म्हणतो तो, कसा ओळखावा आणि कसा विकत घ्यावा याची माहिती एका ठिकाणी असावी म्हणून हे टिपण.

मी चहाचा तज्ज्ञ नाही. बँकेच्या नोकरीत तीन वर्षे सिलिगुडीला बदली होती. तिथे चहाच्या व्यापाऱ्यांना मालाच्या तारणावर कर्ज दिले जाई आणि दर महिन्याला गोदामात जाऊन साठ्याची तपासणी करावी लागे. प्रत्येक पोत्यावर बागेचे नाव, प्रतीची अक्षरे, इन्व्हॉइस क्रमांक आणि वजन छापलेले असे. ती अक्षरे वाचता वाचता थोडेफार शिकलो. खरा उपयोग झाला तो निवृत्तीनंतर.

पाच-सहा वर्षांपूर्वी सौ.चा साखरेचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी चहातली साखर बंद करायला सांगितली. आमचा नेहमीचा कडक चहा बिनसाखरेचा करून पाहिला, तर ती म्हणाली, "हा काढा तुम्हीच घ्या." तिने चहाच सोडला. चाळीस वर्षे दुपारी चार वाजता आम्ही दोघे समोरासमोर बसून चहा घेत होतो, ते थांबले. तेव्हा बिनसाखरेचाही गोड लागेल असा चहा शोधायला मी बाहेर पडलो. आपल्यापैकी अनेक घरांत हीच वेळ आलेली आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

एकच झाड, अनेक चहा

काळा, हिरवा, पांढरा, ऊलाँग हे सगळे चहा एकाच जातीच्या झाडाच्या पानांपासून होतात. त्या झाडाचे दोन मुख्य प्रकार आहेत : लहान पानाचा चिनी आणि मोठ्या पानाचा आसामी. फरक पडतो तो पान तोडल्यानंतर त्याचे काय करतात यामुळे. काळ्या चहासाठी पान आधी सुकवून मऊ करतात, मग वळतात किंवा कुटतात, मग हवेत पसरून ठेवतात. ऑक्सिजनमुळे पान तांबूस होते आणि रंग, चव तयार होते. शेवटी गरम हवेने वाळवून चाळतात. हिरव्या चहात पान सुरुवातीलाच वाफेने किंवा कढईत तापवतात, त्यामुळे ते तांबूस होत नाही.

काळ्या चहाच्या दोन पद्धती ग्राहकाला माहीत असायलाच हव्यात.

पहिली ऑर्थोडॉक्स. यात पान फक्त वळले जाते. वाळल्यावर ते काडीसारखे, पीळ पडलेले दिसते आणि गरम पाण्यात पुन्हा उलगडते. सुगंध जास्त, कडकपणा कमी.

दुसरी सीटीसी. यात दातेरी रुळांमधून पान चिरडले, फाडले आणि गोल वळवले जाते. ही यंत्रे १९३० च्या दशकात आसामात आली. आपल्या घरातला दाणेदार चहा, ज्याला बाजारात 'ममरी' म्हणतात, तो हाच. रंग आणि कडकपणा लवकर उतरतो, दूध-साखर-आले सगळे पेलतो.

दुधाच्या चहासाठी सीटीसी आणि नुसत्या पाण्याच्या चहासाठी ऑर्थोडॉक्स, हा खरेदीतला पहिला निर्णय. सियागंजातल्या एका जुन्या चहावाल्याने मला पहिल्यांदा हेच विचारले होते, "साहेब, दूध घालून पिता की नुसता?" जो दुकानदार हा प्रश्न विचारतो त्याच्याकडे थांबावे.

डब्यावरची अक्षरे

दुकानातल्या डब्यांवर किंवा पोत्यांवर जी अक्षरे असतात ती मुख्यतः कणाचा आकार सांगतात. बीपी, बीओपीएसएम हे सीटीसीचे मोठे दाणे. ओएफ, पीएफ हे त्याहून बारीक. पीडी, डी ही डस्ट, म्हणजे भुकटी. ऑर्थोडॉक्समध्ये ओपी, एफओपी, टीजीएफओपी ही अखंड पानाची नावे. त्यातला 'टी' म्हणजे टिप, सोनेरी कोवळी टोके. 'बी' आले की पान तुटलेले. नावातल्या 'ऑरेंज' शब्दाचा संत्र्याच्या चवीशी काही संबंध नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. डस्ट म्हणजे झाडलोट नव्हे. एकाच बागेत, एकाच दिवशी तयार झालेला माल चाळला की मोठा दाणा आणि डस्ट दोन्ही निघतात. चांगल्या बागेची डस्ट ही सामान्य बागेच्या मोठ्या दाण्यापेक्षा चांगली असू शकते. डस्ट लवकर आणि गडद उतरते, म्हणून टपरीवर ती चालते. मोठा दाणा सावकाश उतरतो आणि चव जरा मऊ असते. तेव्हा ही अक्षरे चहा आपल्या पद्धतीला जुळेल की नाही ते सांगतात. तो चांगला आहे की नाही हे कपात कळते.

प्रदेश आणि हंगाम

आसाम : ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला चहा. रंग गडद, चव भरदार. मे-जूनमधील दुसऱ्या बहराचा माल, म्हणजे सेकंड फ्लश, सर्वांत नावाजलेला. दुधाच्या चहाचा कणा हाच.

दुआर्स आणि तराई : उत्तर बंगालचा सपाटीचा भाग. मुख्यतः सीटीसी. मिश्रणात भरपूर वापरला जातो आणि बहुधा आसामपेक्षा स्वस्त पडतो.

दार्जिलिंग : डोंगरउतारावरच्या बागांचा, मुख्यतः ऑर्थोडॉक्स चहा. मार्च-एप्रिलचा पहिला बहर फिकट, फुलांच्या वासाचा. मे-जूनचा दुसरा बहर जास्त रंगाचा, द्राक्षासारख्या सुगंधाचा. पावसाळी माल साधा. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा शरदातला पुन्हा बरा. दार्जिलिंग चहा हे भारतातील पहिले भौगोलिक मानांकन. खऱ्या मालावर टी बोर्डाचे बोधचिन्ह असते : चहाची पाने हातात धरलेल्या स्त्रीची आकृती.

निलगिरी : दक्षिणेतला चहा, जवळजवळ वर्षभर तोडणी. चव स्वच्छ, सुगंधी, तुरटपणा बेताचा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीतला माल विशेष चांगला. दार्जिलिंगइतके नाव नसल्यामुळे पैशाच्या मानाने पुष्कळदा फायद्याचा.

कांगडा : हिमाचलातला, थोड्या उत्पादनाचा. हलका आणि सौम्य.

हंगाम माहीत नसला तर काय होते ते मी स्वतः भोगले आहे. सिलिगुडीच्या पहिल्याच वर्षी डिसेंबरात डोंगरावर फिरायला गेलो आणि एका दुकानातून 'ताजा फर्स्ट फ्लश' म्हणून बराच महाग चहा घेतला. पाकिटावर ना बागेचे नाव, ना वर्ष, ना बोधचिन्ह. आई-वडील आले होते, त्यांना तो मोठ्या कौतुकाने आले आणि दूध घालून उकळून दिला. वडील एक घोट घेऊन म्हणाले, "अरे, हा चहा आहे की दर्भाचे पाणी?" नंतर गोदामात एका व्यापाऱ्याला हे सांगितले तेव्हा तो खूप हसला. त्याच्या मते चुका दोन होत्या. डिसेंबरात तिकडच्या बागा हंगाम आटोपत असतात, तेव्हा ताजा फर्स्ट फ्लश कुठून येणार? ही फसवणूक दुकानाची. आणि असला चहा दूध घालून उकळायचा नसतो, ही चूक माझी.

दुकानात गेल्यावर

चहाचे लिलाव कोलकात्यात १८६१ पासून होतात. गुवाहाटीचे लिलाव केंद्र १९७० मध्ये आणि सिलिगुडीचे १९७६ मध्ये सुरू झाले. आता बोली संगणकावर लागते, पण एक गोष्ट बदललेली नाही. प्रत्येक लॉटचा नमुना खरेदीदाराकडे आधी पोचतो आणि चाखल्याशिवाय तो बोली लावत नाही. टनावारी माल घेणारा माणूस चाखून घेतो, मग आपण पाव किलो घेणाऱ्यांनी चाखायला का लाजावे?

दुकानात तीन प्रश्न विचारावेत : कुठला आहे, कोणत्या प्रतीचा आहे, आणि माल केव्हाचा आहे. उत्तरे मिळोत न मिळोत, डबा उघडायला सांगून पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. दाणे किंवा पाने एकसारख्या आकाराची हवीत. मोठ्या दाण्यात तळाशी भुकटी साचलेली नको.

२. रंग तपकिरी-काळा आणि थोडी चमक असलेला हवा. करडा, मळकट दिसणारा माल घासला गेलेला किंवा जुना असतो.

३. तांबूस काड्या आणि तंतू जितके कमी तितके चांगले.

४. चिमटीत दाबल्यावर चहा कुरकुरीत तुटायला हवा. कारखान्यातून निघताना त्यात ३ टक्क्यांच्या आसपासच ओलावा असतो. मऊ लागला तर हवा लागलेली आहे.

५. मुठीत थोडा चहा घेऊन त्यावर तोंडाची गरम वाफ सोडावी आणि लगेच वास घ्यावा. चांगल्या चहाला ताजा, किंचित गोडसर वास येतो. पोत्याचा, धुराचा किंवा शेजारच्या मसाल्यांचा वास आला तर डबा परत द्यावा.

वेलचीचा किंवा 'स्पेशल फ्लेवर'चा तयार चहा शक्यतो घेऊ नये. वरच्या वासाखाली मूळ चहा कसा आहे ते कळत नाही. साधा चहा घ्यावा, वेलची आपल्या घरची घालावी.

पहिल्यांदा कधीही १०० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये. त्याऐवजी वेगवेगळ्या चार-पाच चहांच्या लहान पुड्या घ्याव्यात आणि प्रत्येकीवर दुकान, नाव, भाव आणि तारीख लिहावी.

घरी चाखण्याची पद्धत

चहा चाखण्यासाठी आयएसओ ३१०३ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे : १०० मि.लि. उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा, ६ मिनिटे झाकून. घरी हे सहज करता येते. सारख्या आकाराचे पांढरे कप घ्यावेत. दागिन्यांसाठी मिळतो तसा छोटा वजनकाटा असला तर उत्तम, कारण चमच्याचा भरवसा नसतो. एक सपाट चमचा दाणेदार चहा साधारण अडीच ग्रॅम भरतो, पण मोठ्या पानाचा तेवढाच चहा भरायला दोन चमचे लागतात.

सगळे कप एकाच वेळी भरावेत, झाकावेत, गाळावेत. रंग स्वच्छ आणि चमकदार आहे का ते पाहावे. गाळलेला चोथा तांब्यासारखा उजळ दिसला तर चांगले. काळपट, निस्तेज चोथा हा चांगल्या मालाचा नसतो. मग कोमट झाल्यावर एकेक घोट घ्यावा. दुधाच्या चहासाठी निवड करायची असेल तर प्रत्येक कपात मोजून सारखे दूध घालून पुन्हा चाखावे. कडक आसाम चहा थंड होताना गढूळ होतो. पुष्कळांना हा दोष वाटतो, पण ते कसदार चहाचे लक्षण आहे.

भाव आणि नाव मात्र झाकून ठेवावे. मी पाच कपांखाली आकडे चिकटवले आणि सौ.ला चाखायला बसवले. आधी तिने नकोच म्हटले. मग दूध-साखरेशिवाय पाचही कप चाखून तिने तिसऱ्या कपाकडे बोट दाखवले. तो निलगिरीचा मोठ्या पानाचा चहा होता. सर्वांत महागडा दार्जिलिंग पहिल्या कपात होता, त्याला तिने 'पाणचट' म्हटले.

किमतीचा हिशेब

डिसेंबर २०२१ मध्ये गुवाहाटीच्या लिलावात आसामचा 'मनोहारी गोल्ड' ९९,९९९ रुपये किलोने गेला होता. अशा बातम्या वाचून चांगला चहा आपल्यासाठी नाही असे वाटते. बँकेतली सवय म्हणून मी कपाचा हिशेब मांडला. भाव हिशेबासाठी धरलेले आहेत, आपण आपले घालून पाहावेत.

एका कपाला अडीच ग्रॅम धरले तर एका किलोत ४०० कप होतात. ६०० रुपये किलोचा दाणेदार चहा कपाला दीड रुपया पडतो. त्यात ६० रुपये लिटरच्या भावाने ७५ मि.लि. दूध साडेचार रुपयांचे, आणि ४५ रुपये किलोची १० ग्रॅम साखर ४५ पैशांची. कप झाला ६ रुपये ४५ पैशांचा. म्हणजे चहाच्या कपात दूध चहाच्या तिप्पट महाग. ४०० ऐवजी ६०० रुपयांचा चहा घेतला तर कपामागे फक्त ५० पैसे वाढतात.

आता २,००० रुपये किलोचा मोठ्या पानाचा चहा घ्या. कपाला पाच रुपये. दूध नाही, साखर नाही. आणि त्याच पानावर दुसऱ्यांदा पाणी घालून आणखी एक कप होतो, तेव्हा कप पडतो अडीच रुपयांना. १०० ग्रॅमची पुडी २०० रुपयांची दिसते म्हणून आपण दचकतो, पण प्रत्येक कपाला ती नेहमीच्या चहापेक्षा स्वस्त आहे.

घरचे मिश्रण

दुधाच्या चहासाठी एकच चहा वापरण्यापेक्षा मिश्रण चांगले लागते. आमच्या वडिलांचे प्रमाण तीन भाग मोठा दाणा आणि एक भाग डस्ट असे होते. दाण्याने चव येते, डस्टने रंग. नुसती डस्ट वापरली आणि जरा जास्त उकळली तर चहा कडू होतो, आणि तो कडूपणा झाकायला साखर वाढते. साखर कमी करायची असेल तर आधी डस्टचे प्रमाण कमी करावे. मिश्रण एकदम किलोभर करू नये. पावशेर करून आठवडाभर पाहावे.

भेसळीची तपासणी

सुट्या चहात रंग दिलेला किंवा वापरलेला चोथा वाळवून मिसळलेला असू शकतो. घरी दोन तपासण्या करता येतात. गाळण कागदावर चिमूटभर चहा पसरावा, त्यावर पाण्याचे थेंब शिंपडावेत, थोड्या वेळाने चहा काढून कागद नळाखाली धुवावा आणि उजेडात पाहावा. शुद्ध चहाचे डाग राहत नाहीत, कृत्रिम रंगाचे राहतात. दुसरी : पसरलेल्या चहावरून लोहचुंबक फिरवावे. लोखंडाचा कीस मिसळला असेल तर चिकटतो. रुळांच्या झिजेमुळे अगदी नाममात्र कण येऊ शकतात, पण चुंबकावर थर बसला तर तो चहा घेऊ नये. पाकीटबंद चहा घेताना पॅकिंगची तारीख आणि खाद्य परवान्याचा १४ अंकी क्रमांक पाहावा.

साठवण आणि पाणी

चहाचे शत्रू चार : ओलावा, हवा, उजेड आणि परका वास. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा सर्वांत चांगला. काचेची बरणी शोभेची, पण उजेड आत येतो. मसाल्याच्या फडताळात, उदबत्ती-कापराजवळ किंवा साबणाशेजारी चहा ठेवू नये. फ्रिजमध्येही नको. ओला चमचा कधीच नको. दाणेदार चहा बंद डब्यात वर्षभर टिकतो, पण सुगंधी फर्स्ट फ्लश आणि हिरवा चहा काही महिन्यांत संपवावा.

पाण्याचा फरक मोठा आहे. बोअरिंगच्या जड पाण्यात चांगला चहाही निस्तेज होतो आणि वर साय धरल्यासारखा पातळ थर येतो. नर्मदेचे नळाचे पाणी घेऊन एकदा तोच चहा करून पाहावा.

मोठ्या पानाचा चहा उकळू नये. आधण आले की गॅस बंद करावा, गरम पाण्याने विसळलेल्या किटलीत पान घालून वर पाणी ओतावे आणि तीन-चार मिनिटे झाकावे. फर्स्ट फ्लश आणि हिरव्या चहासाठी आधण खाली उतरवून थोडे निवू द्यावे आणि वेळही कमी द्यावा. वेळ झाली की सगळे पाणी गाळून घ्यावे. पान पाण्यात राहिले तर कडू होते.

एक सूचना : जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतल्यास अन्नातले लोह शरीराला कमी मिळते. ज्यांना रक्त कमी असल्याचे सांगितले आहे त्यांनी तासभर अंतर ठेवावे. पथ्याच्या बाबतीत शेवटचा शब्द अर्थातच डॉक्टरांचा.

सुरुवात करायची असेल तर या महिन्यात एवढेच करावे : नेहमीचा चहा तसाच ठेवावा आणि दोन अनोळखी चहांच्या १०० ग्रॅमच्या पुड्या आणून नाव झाकून घरातल्या सर्वांना चाखायला द्याव्यात.

आमच्या घरी चारचा चहा पुन्हा दोघांचा झाला आहे. माझा अजून दुधाचा, साखर एक चमचा. तिचा नुसता. वाणसामानाच्या यादीत 'चहा अर्धा किलो' ही ओळ अजून असते. तिच्याखाली आता सौ.च्या अक्षरात आणखी एक ओळ असते : निलगिरी, मोठे पान, १०० ग्रॅम.